सेल घालायचा नाही

अमरधामहून परतलेल्या आल्हादने दारातच कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटाने सही केली. खोक्यावर मृण्मयीचं नाव होतं.

"मॅडम नाहीत का घरात?"

"माझी बायको. आज सकाळी गेली."

कुरिअरवाला खोकं द्यावं की परत न्यावं अशा पेचात उभा राहिला. आल्हादने ते त्याच्या हातून ओढूनच घेतलं.

आत तिची खाट होती त्या जागी शैलामावशीने तेलाचा दिवा लावला होता. दहावा होईपर्यंत तो विझू द्यायचा नव्हता, म्हणून खिडकी बंद होती. आल्हादने खोकं दिव्याशेजारी ठेवलं.

खोक्यात मृण्मयीने डिझाईन केलेल्या चिप होत्या. कांदाचाळीतल्या अंधुक उजेडातून थेंब थेंब वीज साठवायची आणि चाळीतली उष्णता, ओल मोबाइलवर कळवायची, एवढंच त्यांचं काम. कंपनी म्हणत होती, सरळ सेल घाला. ती ऐकत नव्हती.

"सेल संपला की बदलायला कोण जातं? कांदा सडून वास सुटल्यावर जातात," असं ती दवाखान्यातही म्हणाली होती.

चौथ्या दिवशी तिचे साहेब रविराज भेटायला आले. बरोबर तिच्या हाताखाली काम करणारी योगिनी होती.

"आल्हादराव, ते खोकं घेऊन जातो," रविराज म्हणाले. "आता सेलवालंच डिझाईन करतोय. गिऱ्हाईक किती थांबणार?"

"आधी हे चालतं का बघा."

"लॅबमध्ये बघू ना."

"तिथे ट्यूबलाइट आहेत. इथे बघा." त्याने दिव्याकडे बोट केलं. "चाळीत याहून जास्त काय असतं?"

"अरे, तो दिवा कसला आहे!" मावशी म्हणाली. "त्याच्यापुढे असलं काही मांडू नये."

"दिवा तिचाच आहे, मावशी. कामही तिचंच."

योगिनीने मृण्मयीच्या टेबलावरच्या बोर्डात चिप बसवली आणि बोर्ड दिव्यासमोर ठेवला. मोबाइलवर काहीच येईना. रविराज उठायला लागले. तेवढ्यात योगिनीने बोर्डावर क्षणभर टॉर्च मारला. आकडे आले. टॉर्च बंद केला तरी येत राहिले.

"टॉर्च मारावा लागलाच ना?" रविराज म्हणाले. " साठा रिकामा झाला की चिपने पुन्हा आपोआप सुरू व्हायला हवं. चाळीत टॉर्च कोण मारणार?"

"मग तेवढंच दुरुस्त करा. सेल घालायचा नाही. तोवर खोकं मिळणार नाही."

"ते कंपनीचं आहे, आल्हादराव."

"पोलीस आणा. सुतक आहे, चहा त्यांनाही मिळणार नाही."

योगिनीने हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. रविराज हात हलवतच गेले.

दहाव्याचं गावच्या गंगेवर आटोपून आल्हाद घरी आला तेव्हा दिवा शांत झाला होता. आकडेही थांबले होते. योगिनी एकटीच आली होती.

"दादा, साहेब म्हणाले, आणखी एकदा सेलशिवाय डिझाईन करून बघा. एकदाच."

आल्हादने दिव्यात तेल घातलं.

"दहावा झाला रे. आता तो लावायचा नसतो," मावशी म्हणाली.

त्याने काडी ओढली. योगिनीचा हात टॉर्चकडे गेला.

"टॉर्च नको."

तिघंही बोर्डासमोर बसले, मावशीसुद्धा. मोबाइल कोराच राहिला. साठा रिकामा झाल्यावर एवढ्याशा उजेडात चिपला आपलं आपण सुरू होणं अजून जमायचं होतं.