दौतमहाराजांची मोरपंखी शाई

बंद पडलेल्या सिनेमागृहात त्या संध्याकाळी एवढी गर्दी होती, की ती पूर्वी एखाद्या सिनेमाला झाली असती तर ते बंदच पडलं नसतं. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या आणि उरलेली माणसं भिंतींना टेकून आ वासून उभी राहिली. मी दंतवैद्य आहे. लोकांना आ करायला लावण्यात माझं आयुष्य गेलं. पण इतक्या जणांनी एकाच वेळी, आपण होऊन आणि आनंदाने तोंड उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पडद्यापुढे दौतमहाराज बसले होते. समोर काचेची भलीमोठी दौत, दौतीत मोरपंखी शाई, आणि मागे बिनकाचेच्या चौकटीत त्यांच्याच हातचं वाक्य: 'मी सत्य आहे.'

"शाई म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि कुणाची वाट न बघता सांगूनही टाकलं. "शा म्हणजे शाश्वत, ई म्हणजे ईश्वर! निळा रंग आकाशाचा, हिरवा पृथ्वीचा. खरं लिहिलंत, तर दोघं एकत्र नांदतात. खोटं लिहिलंत, तर आकाश उठून जातं. मग मागे काय उरतं?"

"पिवळं!" अख्खं सभागृह ओरडलं.

"किती सोपं करून सांगतात!" माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या.

आकाश उठून गेल्यावर हिरवी पृथ्वी पिवळी का पडावी, हे मी त्यांना विचारणार होतो. पण त्यांच्या दोन दाढांचं काम माझ्याकडे चालू होतं, म्हणून गप्प बसलो.

चमत्कार मात्र होता, हे मान्य करायला हवं. माणूस पुढे जायचा. महाराजांचा कारभारी काखेतल्या झोळीतून महाराजांचा शिक्का मारलेला कोरा कागद काढून द्यायचा. माणूस दौतीत टाक बुडवून एक वाक्य लिहायचा. वाक्य खरं असलं तर रंग मोरपंखीच राहायचा, आणि खोटं असलं तर शाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी व्हायची. गेले काही महिने सगळं गाव या शाईवर चाललं होतं. दूधवाल्याने 'दुधात पाणी नाही' असं लिहिलं, ते पिवळं झालं आणि त्याची गिऱ्हाइकं तुटली. नगराध्यक्षांनी 'मी जनतेसाठी झिजतो' असं लिहिलं, ते इतकं मोरपंखी राहिलं की बघतच राहावं. सभागृह महाराजांना त्यांनीच मिळवून दिलं होतं, हा योगायोग. घराघरांतल्या बायका नवऱ्यांना 'उशीर कामामुळेच झाला' हे वाक्य लिहायला इथे धाडत होत्या. एक गृहस्थ तर आपलं वय पिवळं झाल्यापासून जन्मदाखला घेऊन वणवण फिरत होते.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. पण त्या संध्याकाळी माझ्या पुतणीच्या लग्नाचा निकाल शाईवर लागायचा होता.

पुतणी शाळेत विज्ञान शिकवते. तिचं लग्न ठरलं होतं, तेही तिनेच ठरवलं होतं. मुलगा घड्याळदुरुस्ती करतो, आम्ही सगळे त्याला घड्याळजीच म्हणतो. गुणी, अबोल, आणि फाउंटन पेनांचा वेडा. माझ्या दादाला तो पसंत होता; पण दादा महाराजांच्या नादी लागला होता. पाणीपुरवठा खात्यात एवढा मोठा इंजिनिअर, पण घरात भाजी घ्यायची की नाही हेही शाईला विचारून ठरवायचा. त्याने अट घातली: घड्याळजीने दरबारात 'माझं तिच्यावर प्रेम आहे' असं लिहायचं. मोरपंखी राहिलं तर लग्न.

घड्याळजी पुढे गेला. इथेच त्याच्यातला पेनवेडा जागा झाला. "माझ्या पेनात थोडी भरून घेऊ का?" तो म्हणाला. "नवी शाई दिसली की हात शिवशिवतात." कारभारी काही बोलायच्या आत त्याने पेन दौतीत बुडवून भरूनही घेतलं. मग कागदाच्या कोपऱ्यात आठाचे आकडे गिरवले. पेनवाले शाई अशीच बघतात. तो कागद उजेडाकडे धरून म्हणाला, "रंग झकास आहे हो! पण शाई फुटतेय. कागद एकदा भिजवून वाळवलाय का?"

कारभाऱ्याचा चेहरा असा झाला, की जणू मी त्याला भूल न देता दाढ काढतोय. त्याने कागद हिसकावून घेतला. "तो खराब आहे, हा घ्या," म्हणत झोळीच्या दुसऱ्या कप्प्यातून दुसरा दिला.

घड्याळजीने मन लावून, सुंदर अक्षरात लिहिलं. खालची रेघ ओढेपर्यंत 'प्रेम' पिवळं पडलं होतं.

सभागृहात "च्‌च्‌" झालं. दादा उठून उभा राहिला. "लग्न मोडलं," तो म्हणाला आणि पुतणीचा हात धरून निघून गेला. घड्याळजी तिथेच कागद हातात धरून उभा होता. त्याने तो महाराजांच्या शिक्क्यासह घडी करून खिशात ठेवला. मला त्याची फार दया आली, आणि माझ्या सख्ख्या भावाचा मनस्वी राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणी माझ्या दवाखान्यात येऊन रुग्णाच्या खुर्चीत बसली. डोळे सुजले होते.

"काका, हे थोतांड आहे, मला कळतं. मी मुलांना रोज हेच शिकवते. पण पिवळं का झालं हो? मनात काही नसेल तर पिवळं होईलच कशाला?"

"अगं, तू विज्ञानाची बाई ना?"

"विज्ञानाची आहे म्हणून काय झालं? रडू येतंच ना!"

तेवढ्यात दारात घड्याळजी. तिला बघून तो परत फिरणार होता. मी त्याला दटावून आत घेतलं. तो तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागला, आणि तेही शाईबद्दल! मला वाटलं, हा मुलगा कधी सुधारणार नाही.

"डॉक्टरकाका, आम्ही नवी शाई एका कागदावर कधी जोखत नाही. कागद बदलला की शाई बदलते. म्हणून मी घरी जाऊन बघितलं. पेनात शाई होतीच." त्याने पेन उघडलं, माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर तेच वाक्य लिहिलं. मोरपंखी. दरबारातल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा लिहिलं. पिवळं.

पुतणी खुर्चीतून उठली. तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि चिठ्ठीवर खरडलं: 'माझा काका घोडा आहे.' मोरपंखी राहिलं. मग दरबारच्या कागदावर 'दोन आणि दोन चार.' पिवळं.

"म्हणजे सत्य शाईत नाही," ती हळूच म्हणाली. "कागदात आहे." आणि एकदम मास्तरणीच्या आवाजात, "काका, खाण्याचा सोडा आहे?"

सोडा माझ्याकडे असतोच, गुळण्यांसाठी. तिने तो पाण्यात कालवला आणि कापसाच्या बोळ्याने मागच्या बाजूच्या पिवळ्या 'प्रेमा'वर टेकवला. बोळा फिरला तसतसा रंग परतला. व्हिनेगर मी माझ्या स्वयंपाकघरातून आणलं. माझं घोडेपण एका थेंबात पिवळं झालं.

ती हसली. मग घड्याळजीकडे बघून तिचं हसू मावळलं. 

पुढच्या दरबारात आम्ही तिघं गेलो. पुतणीच्या पर्समध्ये इस्त्रीच्या फवाऱ्याच्या दोन बाटल्या होत्या. मी आधीच कारभाऱ्याला गाठून सांगितलं होतं, की महाराजांच्या कृपेने माझी दाढदुखी थांबली, ते चारचौघांत लिहून देतो. दंतवैद्याची दाढ महाराजांनी बरी केली म्हटल्यावर तो इतका खूश झाला, की झोळीतून अलगद चांगल्या कप्प्यातला कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

मी ठळक अक्षरात लिहिलं: 'मी म्हैस आहे.'

आणि कागद वर धरला. मोरपंखी! टिकाऊ, टवटवीत मोरपंखी.

मला वाटलं होतं, आता हशा पिकेल आणि महाराजांचं दुकान उठेल. पण सभागृह शांत झालं. मग मागून कुणीतरी भारावलेल्या आवाजात म्हणालं, "बाप रे. आपल्याला इतके दिवस कळलंच नाही."

"तरीच दवाखान्यात एवढा वेळ लागतो," दुसरा म्हणाला.

दोन दाढांवाल्या बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "डॉक्टर, तुम्ही दूध देता?"

पहिल्या रांगेतून दादाचा आवाज आला: "मला लहानपणापासून शंका होती."

महाराजांनीही डाव सावरला. "हा गेल्या जन्मीचा संस्कार आहे! वैद्यबुवा, त्या जन्मी तुम्ही पुष्कळ दूध दिलंत, म्हणून या जन्मी तुम्हाला दात मिळाले."

टाळ्या! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं. त्या क्षणी माझा शहाणपणावरचा विश्वास उडायच्या बेतात होता. पण पुतणी पुढे आली.

"आता काका म्हैस राहणार नाहीत," ती म्हणाली आणि माझ्या कागदावर व्हिनेगर फवारलं. म्हैस पिवळी झाली. मग तिने घड्याळजीचा पिवळा कागद उघडून सगळ्यांना शिक्का दाखवला, दुसरी बाटली फवारली, आणि 'माझं तिच्यावर प्रेम आहे' अक्षर अक्षर करत मोरपंखी झालं.

"एका बाटलीत सोडा, दुसरीत व्हिनेगर," ती वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "ही शाई लिटमसच्या जातीची आहे. आंबट लागलं की पिवळी, सोडा लागला की पुन्हा मोरपंखी. यांच्या झोळीत दोन कप्पे आहेत. एकात सोड्यात भिजवून वाळवलेले कागद, दुसऱ्यात आंबट पाण्यातले. खरं कुणाचं आणि खोटं कुणाचं, हे कारभारी ठरवतो!"

"पाखंड!" महाराज गरजले. "अपवित्र पाण्याने सत्य बाटवलं!"

"मग हेही बाटतं का बघू," म्हणत तिने मागच्या चौकटीवर व्हिनेगर उडवलं. 'मी सत्य आहे' वरून खालपर्यंत पिवळं होत गेलं. महाराजांची चौकटीकडे पाठ असल्यामुळे ते सगळ्यांत शेवटी त्यांनाच कळलं.

आता मात्र गलका झाला. कुणीतरी कारभाऱ्याची झोळी ओढली आणि दोन कप्पे दोन्ही बाजूंना उलटले. पुतणी पायऱ्या उतरून दादासमोर गेली. तिने त्याच्या हातात तो कागद दिला.

"बाबा, तुम्ही ऑफिसात रोज पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून रंग बघता. पाणी आंबट झालंय का ते. तो रंग कुठला असतो?"

दादाने कागद डोळ्यांजवळ नेला.  "हाच," तो शेवटी म्हणाला. "माझ्या टेबलावरच्या बाटलीत असतं, तेच हे." आणि मग अगदी बारीक आवाजात, "ऑफिसात मी एकदाही मांडी घालून तिच्यापुढे बसलो नाही गं. इथे का बसलो?"

दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण माझा राग तिथेच ओसरला. कारण तो मान खाली घालून घड्याळजीकडे गेला आणि त्याने सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

लोक आपापले पिवळे कागद घेऊन सोड्याच्या बाटलीसाठी रांग लावत होते. एकटा दूधवाला कोपऱ्यात उभा होता. पुतणीने त्याला बोलावलं, तर तो कानाशी येऊन म्हणाला, "बाई, माझा राहू द्या तसाच. पाणी असतं थोडं." म्हणजे एकदा शाई खरी ठरली होती; पण कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढंच, त्यात कावळ्याची विद्वत्ता काही नाही. या गडबडीत महाराज आणि कारभारी मागच्या दाराने नाहीसे झाले, आणि हा त्यांचा एकमेव खरा चमत्कार म्हणता येईल.

बाहेर आल्यावर घड्याळजीने पेन काढलं. "साध्या कागदावर पुन्हा लिहून देऊ?"

"नको," पुतणी म्हणाली.  "त्या दिवशी मी तुला काहीच विचारलं नाही. शाईचं ऐकून घरी गेले. आता लिहू नकोस. तोंडाने सांग."

त्याने सांगितलं. अडखळत, भर रस्त्यात, दादाच्या आणि माझ्या देखत. ती रडायला लागली, आणि दादा सिनेमाच्या जुन्या फाटक्या जाहिराती फार लक्ष देऊन वाचायला लागला.

अजूनही माझ्याकडे येणारे एक-दोन रुग्ण खुर्चीत बसण्याआधी माझ्याकडे जरा बिचकून बघतात. त्यांना मी हेच सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला, तर नमस्कार करायची घाई करू नका. पेनवाल्यांसारखं करा: दुसरा कागद मागा. खरी गोष्ट कुठल्याही कागदावर टिकते, आणि दुसरा कागद द्यायला जो नाही म्हणतो, त्याची झोळी तपासा. आणि आपल्या माणसाबद्दल शंका आली, तर दौतीला, ताऱ्यांना, महाराजांना विचारत फिरू नका. त्यालाच विचारा. तो समोरच उभा असतो.