उपासाचं मीठ

परदेशी मालाला बाजार खुला झाल्याचा पहिला पुरावा चिक्कडपल्लीच्या त्या घरात सुपाच्या पाकिटांतून आला. अप्पारावांच्या मूत्रपिंडांनी असहकार पुकारला होता. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ तोडलं होतं आणि पायांची सूज उतरली नाही तर डायलिसिसच्या मशीनला लावावं लागेल, असंही सांगून ठेवलं होतं. मुलगा विक्रम नव्या दुकानातून पाकिटं घेऊन आला. "परदेशात आजारी माणसं हेच पितात," तो म्हणाला. अप्पारावांनी वाटी चाटूनपुसून संपवली. सून माधवीला मात्र मागची बारीक अक्षरं वाचायची खोड होती. "यात मिठाशिवाय फारसं काही नाहीच," ती म्हणाली, आणि पाकिटं माळ्यावर गेली.

मग गंगूबाईंनी पदर खोचला. दुधी, लसूण, मिरी उकळून, गाळून त्यांनी नवऱ्यापुढे सार ठेवलं. एक घोट घेऊन अप्पारावांनी वाटी सरकवली.

"गंगू, भांडी विसळलेलं पाणी आहे काय हे?"

दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. मशीन राहिलं बाजूला, हा आधी उपाशीच जाईल, ही भीती गंगूबाईंच्या मनात बसली.

अशात एकादशी आली. वरीच्या तांदळात सैंधव घालताना गंगूबाईंचा हात थांबला. उपासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे सैंधव हे मीठ नव्हे. जन्मभराच्या एकादश्या याच न्यायाने पार पडल्या होत्या आणि देवाने कधी तक्रार केली नव्हती. त्यांनी सारात सैंधवाची सढळ चिमूट टाकली.

"हौ, आता जमलं बघ," अप्पाराव म्हणाले. त्या दिवसापासून रोजच जमू लागलं.

पाय मात्र असे सुजले की चपला चढेनात. दोघं दवाखान्यात गेली.

"अम्मा, नमक डालरे क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिलकुल नै," गंगूबाई निर्मळ मनाने म्हणाल्या. "सिर्फ उपास का डालते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वो भी नमकच है, अम्मा."

अप्पाराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

आपल्या हाताने आपण यांना विष घातलं, एवढंच परतताना रिक्षात गंगूबाईंच्या मनात घोळत होतं. घरी येताच त्यांनी सैंधवाचा डबा शेजारच्या इंदुताईंना देऊन टाकला. रात्री सार केलं, ते कोरं, बिनमिठाचं. वाटी त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली. आता यांनी ती सरकवली तर द्यायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

अप्पारावांनी घोट घेतला. जरा थांबले. मग दुसरा घेतला, आणि सावकाश वाटीचा तळ गाठला.

"गंगू," ते तोंड पुसत म्हणाले, "आज मीठ जरा जास्त पडलं."

गंगूबाईंनी रिकामी वाटी उचलली.

"उद्या कमी घालते," त्या म्हणाल्या.