रिपनची माघार

निकालपत्रक हेडसरांच्या टेबलावर ठेवून आगाशे सर वळले, तर दारात भागोजी उभा. मुंबईहून कालच आलेला.

“गुरुजी, कमळी पास हाय ना? न्हाय तर शाळा बास. परवा संगं न्हेतो तिला मुंबैस, भावाकडं रांधायला.”

उद्या कळेल, असं काहीतरी पुटपुटून सर सटकले. भागोजीची मुलगी नववीत इतिहासात चार गुणांनी गेली होती, आणि तिला गाळणारे तेच होते.

आईच्या आजारपणात पोरगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. नेमक्या त्याच दिवसांत सरांनी लॉर्ड रिपनच्या नोट्स उतरवून दिल्या होत्या. सत्तावीस वर्षं त्याच नोट्स, शब्दाला शब्द! रिपन म्हणजे सरांचा जीव की प्राण. बाप पंतप्रधान, जन्म पंतप्रधानांच्या निवासस्थानी, घरी लक्ष्मी पाणी भरतेय. आणि असला उमराव व्हाइसरॉय होऊन इथे येतो काय, देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी उठवतो काय, गोऱ्या आरोपीला देशी न्यायाधीशासमोर उभं करायचं विधेयक आणतो काय! नोट्समधलं शेवटचं वाक्य होतं, ‘गोऱ्यांच्या विरोधाला न जुमानता रिपनने विधेयक होते तसे मंजूर करून घेतले.’ कमळाने लिहिलं होतं की त्याला नमतं घ्यावं लागलं. निम्मे ज्यूरी गोरेच मागायची सोय गोऱ्या आरोपीला द्यावी लागली. सरांनी आठ गुणांच्या त्या उत्तराला लाल शाईने भोपळा दिला होता. वर शेरा, ‘नोट्स वाचा.’

आता मात्र त्यांना ते उत्तर पुन्हा आठवलं. एवढं हिने आणलं कुठून? रत्नागिरीच्या एप्रिलच्या उन्हात ते तडक वाचनालयात गेले. ग्रंथपाल म्हणाले, मुलगी तीन दिवस इथेच बसून रिपनवरच्या एका पुस्तकातून उतरवून घेत होती. सरांनी ते पुस्तक उघडलं. कमळाचं बरोबर होतं. आणि अहो, खरं सांगायचं तर सरांनाही ते ठाऊक होतं! कॉलेजात वाचलं होतं की. पण पहिल्या वर्षी नोट्स काढताना तरुण आगाश्यांना आपल्या माणसाची माघार लिहवेना. पुढे स्वतःच्याच अक्षरावर त्यांचा विश्वास बसला.

धापा टाकत ते परतले. हेडसरांनी सगळं ऐकून तोड काढली. चार कृपांक देऊन टाकू, कुणाला कळायचंही नाही. महिन्याभरात तुम्ही निवृत्त होताय, कशाला शोभा करून घेता? पोरीचं काम होत होतं, अब्रूही झाकली जात होती. सरांना मोह पडला, नाही असं नाही.

“कृपा कसली, हेडसर? तिचे गुण मी खाल्लेत,” ते शेवटी म्हणाले. “आठच्या आठ द्यायचे. का ते उद्या मीच सांगतो.”

दुसऱ्या दिवशी, एक मे रोजी, मागे पालक उभे असताना, त्यांनी वर्गात सांगितलं. नोट्सप्रमाणे लिहिणाऱ्यांचेही गुण राहतील, चूक माझी, म्हणाले. भागोजीला रिपन काही कळला नाही. त्याने फक्त विचारलं, “म्हंजे पास ना?”

“पास. चांगली पास.”

सरांनी कमळाला तिचा पेपर परत दिला आणि ते उत्तर मोठ्याने वाचायला सांगितलं. ती चाचरत वाचू लागली. सर पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी बसले, खिशातलं पेन काढलं आणि उतरवून घेऊ लागले. दुसऱ्याच वाक्याला ते मागे पडले. कमळाच्या ते लक्षात आलं, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत ती थांबली.