मानत नाही, पण…

शिवांशला न्हाऊ घालून, धुरी देऊन विद्याश्रीनं दुपट्यात गुंडाळलं, तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. सासूबाई रत्नव्वा सोमवार म्हणून देवळात गेल्या होत्या आणि नवरा संगमेश दुकानात होता. जयसिंगपूरच्या त्या गल्लीत भर दुपारी भाजीवाल्याचीसुद्धा हाक नसते. शेजारच्या चंदनानं दारातून हळूच डोकावून विचारलं,

"येऊ का गं? एकटीच हाईस न्हवं?"

एकटीच आहेस का, हे तिला विचारावं लागायचं. चंदनाची दोन बाळं जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक कारण सांगितलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते गल्लीनं शोधलेलं, छोटं आणि सोपं कारण: तिची नजर चांगली नाही. शिवांशच्या बारशाला भिंतीपलीकडच्या चंदनाला बोलावणं गेलं नव्हतं. गरोदरपणात उलट्यांनी विद्याश्री आडवी झाली होती तेव्हा रोज ताक-भात घेऊन आली होती ती हीच.

"ये की," विद्याश्री म्हणाली आणि बाळ तिच्या हातात दिलं. देताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. आपण बीएस्सी झालोय, आपण असलं काही मानत नाही.

चंदनानं बाळाला मांडीवर घेतलं. त्याच्या मांडीवर आदल्या दिवशी टोचलेल्या लसीच्या डोसाची लहानशी गाठ होती. तिथं हात लागू न देता ती त्याच्याशी बोलत बसली. "काय रं गुलामा, नाक कुणाचं घेतलंस? बापाचं? मग संपलंच की." दोघी खूप हसल्या.

संध्याकाळी शिवांश तापला.

"डोसाचा असंल," संगमेश म्हणाला. "नर्सबाई बोलल्या हुत्या, येतोय म्हणून."

"मागल्या डोसाला आलता का?" रत्नव्वांनी विचारलं. "न्हाय न्हवं? मग ह्याच बारीला का? विद्या, आज कोण आलतं का घरात?"

विद्याश्री थांबली. "चंदना," ती म्हणाली.

संगमेशनं ताप उतरायचं औषध पाजलं. रत्नव्वांनी मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बाळावरून उतरवल्या आणि गॅसवर तापलेल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, पण कोणालाच ठसका लागला नाही.

"बघ," रत्नव्वा म्हणाल्या, "वासबी न्हाय. केवढी नजर हुती ती!"

विद्याश्रीनं मान वर केली. वरचा एक्झॉस्ट फॅन भरभर फिरत होता. तो तिला दिसत होता आणि त्याचा अर्थही कळत होता. पण मांडीवर पोर तापलेलं असताना कळलेल्या गोष्टीला जोर राहत नाही. तिनं पंख्यावरची नजर काढून घेतली.

सकाळी ताप उतरला. औषधाचं नाव कोणी काढलं नाही.

"हे बघ, मी काय मानतो व्हय असलं?" संगमेश चहा पिता पिता म्हणाला. "पण उगंच रिस्क कशाला घ्यायची?"

गल्लीत तसं कोणीच मानत नव्हतं. समोरच्या वर्षाराणीनं भाजीच्या गाड्याशी विद्याश्रीला गाठलं तेव्हा तिनंही सुरुवात तशीच केली. "मी मानत न्हाय बाई. पण पोरगं एकदम कसं तापलं गं? टक लावून बघत बसलीती का ती?"

"बसली होती जरा वेळ," विद्याश्री म्हणाली. "मांडीवर घेऊन."

हे खोटं नव्हतं. वर्षाराणीनं गवारीच्या शेंगा निवडणं थांबवलं आणि नुसतं "हं" केलं. दोन दिवसांनी तीच गोष्ट विद्याश्रीकडे परत आली. तोवर तिच्यातल्या 'जरा वेळ'चा तासभर झाला होता आणि चंदनाची पापणीही लवत नव्हती. आश्चर्य म्हणजे ऐकताना विद्याश्रीलाही ती पापणी आठवू लागली. पापणी खरंच लवली होती का? हसतानाचा चंदनाचा चेहरा आठवायला जावं, तर त्या जागी दोन स्थिर डोळे दिसायचे.

आठवड्यानं चंदना पुन्हा दारात आली. "झोपलाय का गं?"

"व्हय, आत्ताच झोपला."

आणि आतून शिवांश खदखदून हसला.

दोघींनीही ते ऐकलं. चंदना म्हणाली, "बरं." वळून गेली. त्यानंतर ती कधी आली नाही.

पुढचे महिने विद्याश्रीला फार विचित्र गेले. बाळाला पाजायला बसली की कोणीतरी बघतंय असं तिला वाटायचं. ती उठून खिडकीशी जायची. शेजारची चंदनाची खिडकी बंद आणि पडदा ओढलेला असायचा. चंदना रस्त्यानं जायची ती मान खाली घालून. शाळेची मुलं समोरून आली की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, मुलं पुढे जाईपर्यंत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विद्याश्रीला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल. पुढे रोजच दिसू लागलं. चंदना पुन्हा गरोदर होती. पोट दिसू लागलं होतं, आणि त्याच्यावर तिनं भर उन्हाळ्यात जाड शाल घेतलेली असायची. कोणाकडेच न बघणाऱ्या त्या बाईनं विद्याश्रीचा पिच्छा असा पुरवला की घरातली एकही खोली तिला मोकळी वाटेना.

पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी चंदनाचा नवरा अनेकांत दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"वहिनी, मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत."

"अगं बाई! मग?"

"बघंना ती पोरीकडं." त्याचा आवाज फाटला. "डोळं गच्च मिटून पाजती. कूस बदलून भिंतीकडं तोंड करती. म्हणती, तिला घिऊन जावा, माझी नजर लागंल, ही तरी जगूंदे. डॉक्टर समजावून थकले. आई रडती, देवाधर्माचं सांगून बघितलं. तुम्ही मैत्रीण हुता तिची. याल का जरा?"

'हुता', असं तो म्हणाला. विद्याश्रीनं शिवांशला टोपडं घातलं.

रत्नव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पोराला घिऊन निघालीस? डोकं फिरलंय का तुझं?"

"त्याला नेल्याशिवाय उपयोग न्हाय, अत्ती." सासूला ती अत्ती म्हणे.

"अगं, मी तरी कुठं मानतोय? पण…"

"पण काय?" विद्याश्री उंबऱ्यातच वळली. "आज पुरं बोला. मी पण इतके दिवस एवढ्यावरच थांबत आले. पण काय, अत्ती?"

रत्नव्वांचे ओठ हलले. एका बाळंतिणीबद्दलचं ते उरलेलं वाक्य, दाराबाहेर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यासमोर, त्यांना उच्चारता येईना. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. विद्याश्री पायऱ्या उतरली.

दवाखान्यातल्या खोलीत चंदना भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाळण्यात मुलगी मुठी चोखत होती. शिवांश आता कडेवर मावत नव्हता. त्यानं आल्या आल्या सलाइनच्या नळीला हात घातला.

"चंदना, मी आलेय. शिवांशबी हाय."

पाठ ताठ झाली. "त्याला भाईर ने. विद्या, पाया पडते, भाईर ने."

विद्याश्री पलंगावर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं, विज्ञान, अंधश्रद्धा, शिक्षण, तिला एकदम पोकळ वाटलं. "त्या दिवशीचा ताप डोसाचा होता," ती म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं. घरात सगळ्यांनाच होतं. मी गप्प राहिले."

चंदना भिंतीलाच सांगावं तशी म्हणाली, "मलाबी म्हाईत हुतं. गाठ बघितलीती की मी त्याच्या मांडीवर. घरी येऊन स्वतःला शंभरदा सांगितलं, डोसाचा हाय, डोसाचा हाय. पण सगळी गल्ली एक म्हणती, आणि मी एकटी दुसरं. किती दिस टिकायचं गं? एक दिस आरशात बघितलं तर मलाच माझं भ्या वाटलं."

विद्याश्रीनं शिवांशला चंदनाच्या उशाशी बसवलं. "बघ त्याच्याकडं."

"तुला भ्या न्हाय वाटत?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. पण हिच्याशी सोपं बोलणं आता पुरे झालं होतं. "वाटतंय," विद्याश्री म्हणाली. "अजून वाटतंय. तरी बघ."

शिवांशनं चंदनाची वेणी धरून ओढली. ती कळवळली आणि त्या कळीनं तिचे मिटलेले डोळे उघडले. समोर दोनच दात असलेलं, लाळेनं माखलेलं तोंड होतं. ती बघत राहिली. पापण्या लवत होत्या, पाण्यानं भरत होत्या.

आणि त्याच क्षणी दोघींनाही दिसलं: विद्याश्रीचा हात शिवांशच्या कपाळावर गेला होता. ताप बघायला. तिनं नेला नव्हता, तो आपला आपणच गेला होता. चंदनाचा चेहरा विझला.

विद्याश्रीला हात झटकून मागे घ्यावासा वाटला. तिनं तो तिथंच ठेवला. दुसऱ्या हातानं चंदनाचा, सुईच्या पट्टीखाली सुजलेला हात उचलला आणि आपला काढून तिथं टेकवला.

"माझ्या हाताचं आता काही खरं न्हाय," ती म्हणाली. "तूच बघून सांग."

शिवांशनं चंदनाचं एक बोट पकडून तोंडात घातलं. ती पुटपुटली, "गार हाय."

"नक्की?"

"गार हाय गं. गार हाय."

पाळण्यात मुलगी कुरकुरली. चंदनानं मान वळवली, डोळे मिटले, पुन्हा किलकिले केले. कोपरावर भार देऊन ती उठू लागली. विद्याश्रीनं पाळणा पलंगाजवळ ओढला, आणि चंदना पूर्ण उठून बसेपर्यंत तो तसाच धरून उभी राहिली.