अर्धा रतीब

वनमाला माझी धाकटी जाऊ. तिचं काही बरं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि हे मी देवापासूनही लपवलेलं नाही.

शहाऐंशी साली अंधेरीला नाल्याकाठी आम्हा दोघींचे चाऱ्याचे तुकडे बांधाला बांध लागून होते. शेतकी खात्याच्या साहेबांनी दोघींना हत्तीगवताच्या सारख्याच कांड्या दिल्या. ते समजावत होते तेव्हा वनमाला वहीत लिहून घेत होती. सातवी शिकल्याचा तोरा, दुसरं काय! मी मुद्दाम विळ्याला धार लावत बसले.

पहिली कापणी झाली आणि जोगेश्वरीच्या तबेलेवाल्या माणिकशेठचा निरोप आला. यंदा चाऱ्याचा रतीब एकाच घराला देणार. दसऱ्यानंतरच्या सोमवारी दोघींनी एकेक भारा आणायचा, म्हशी ज्याला तोंड लावतील त्याचा रतीब. वनमालेचा नवरा बसवर कंडक्टर, कायम नोकरी. माझा गिरणीच्या संपापासून घरी. तो रतीब मिळाला नाही तर माझी चूल कशावर पेटणार होती?

दसऱ्याला दोन महिने असताना वनमालेनं आपलं उभं गवत कापून टाकलं. वर ओळींच्या मध्ये चवळी पेरली. मी मनातून खूश झाले. हिच्या हातानंच हिची वाट लागली. तर ही बया बांधावर येऊन मलाच सांगते, "वयनी, तुमी पण आता कापा. दांडो जून झालो की म्हस तोंड लावची नाय."

माझं गवत डोक्याच्या वर गेलेलं तिला बघवत नाही, हे मला कळत नव्हतं होय? मी म्हटलं, "तू तुझं बघ." आणि एक पातंही कापलं नाही.

सोमवारी माझा भारा उचलायला दोन माणसं लागली. वनमालेचा तिनं एकटीनं डोक्यावरून आणला, त्यात चवळीचे वेल. माणिकशेठनं दोन्ही भारे एकाच म्हशीपुढे सोडले. म्हशीनं माझी चार पानं ओरबाडली, बोटाएवढे जाड दांडे तसेच टाकले आणि वळून वनमालेचा भारा वेलांसकट फस्त केला. शेठ म्हणाले, "मालनबाई, उंची घेऊन काय करू? दूध पाल्यातून येतं." रतीब वनमालेला.

तेव्हा ती पदर सावरत म्हणाली, "शेठ, माझ्या एका तुकड्यावर तुमचो तबेलो भागाचो नाय. अर्धो रतीब वयनींचो. कधी कापूचा ता मी बघतंय."

शेठ कबूल झाले. परतताना तिनं ती वहीसुद्धा माझ्या हातात दिली.

माझी चूल पेटली, खोटं कशाला बोलू? पण तिनं सगळा रतीब गिळला असता तर मी तिला जन्मभर सुखानं शिव्या दिल्या असत्या. तेवढंही तिनं ठेवलं नाही. आता ती सांगेल त्या दिवशी मी कापते, तिच्यासारखीच चवळी पेरते. रोज सकाळी आमचे भारे शेजारी शेजारी सुटतात, आणि म्हशी आधी कुणाच्या भाऱ्याकडे वळतात ते बघितल्याशिवाय माझा पाय तबेल्यातून निघत नाही.