बाकाचं दुसरं टोक

माणसाने आपल्या धंद्याची अक्कल आपल्याच अंगावर चालवू नये. पण हे डागवाल्याला सांगणार कोण? सांगणारी एक बायको होती, ती जाऊन बरेच दिवस झाले होते.

हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो डाग काढायच्या टेबलावर काम करायचा. यंत्रातून निघूनही ज्याचा डाग हटला नाही, तो कपडा त्याच्यापुढे यायचा. त्याची रीत ठरलेली होती. आधी साबण, साबणाला दाद दिली नाही तर सोडा, सोड्यालाही जुमानलं नाही तर ब्रश, आणि वरून औषध. हट्टी डागाला तो कधी शरण गेला नव्हता. त्यामुळे सगळे त्याला डागवालेच म्हणायचे, आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं.

दुपारी तो आणि इस्त्रीच्या टेबलावरची बाई मागच्या खोलीत एकाच बाकावर बसून डबा खायचे. तिचाही नवरा वारलेला. लाँड्रीतली पोरं डोळे मिचकावायची, पण दोघांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नव्हता. ती त्याच्या डब्यात डोकावून म्हणायची, “काय डागवाले, भाजी आजपण करपवली वाटतं?”

“करपली नाही, खरपूस झालीय.”

“हो हो, खरपूस! डाग पडलाय तो, काढा आता.” मग ती खळखळून हसायची. दिवसभरात त्याच्याशी कुणी हसून बोलायचं ते एवढंच. घरी गेल्यावर कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि भिंतीकडे बघत जेवायचं. त्या बाकावरच्या अर्ध्या तासावर त्याचा दिवस निघत होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग एके दिवशी सकाळी मोरीत कपडे बदलताना त्याला स्वतःचाच वास आला. कुबट, आंबूस. तसा तो रोज आंघोळ करणारा माणूस. पण आंघोळ म्हणजे डोक्यावरून पाणी ओतायचं आणि कमरेखाली साबण ओझरता फिरवायचा. वडिलांनी त्याला सायकल शिकवली, दाढी करायला शिकवलं, माणसांत कसं बोलायचं ते शिकवलं. पुढच्या कातडीच्या आतही धुवायचं असतं, हे सांगायची मात्र ना वडिलांची जीभ उचलली ना शाळेतल्या मास्तरांची. त्यात दिवसभर बॉयलरची धग आणि अंगात घट्ट नायलॉनची चड्डी. वास येणार नाही तर काय होणार?

नेमकी त्याच दुपारी इस्त्रीवाली जेवताजेवता उठली आणि खिडकी उघडून आली. “काय कोंदटलंय इथे,” असं म्हणाली आणि परत जेवायला लागली. त्याने अर्धा डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो बाकाच्या पार टोकाला बसला. तिसऱ्या दिवशी “काम तुंबलंय” म्हणून डबा टेबलावरच उघडला. त्यानंतर तो मागच्या खोलीत फिरकलाच नाही. ती दारातून डोकावली की हा चादरीत तोंड खुपसून डाग शोधायचा.

घरी मात्र त्याने कंबर कसली. आधी कपड्यांचा साबण, खसाखसा. वास जाईना, मग सोडा. मग ब्रश. रेशमी कपड्यांचा मऊ ब्रश वापरला, एवढी दया त्याने स्वतःवर केली. शेवटी फरशी पुसायचं जंतुनाशक पाण्यात ओतलं, आणि असा झोंबला तो प्रकार की नळ घट्ट धरून त्याने डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं. वरून सुगंधी पावडर थापली. आठवडाभरात सगळं लालबुंद होऊन सुजलं, आणि वास कमी व्हायचा सोडून वाढला. मग? मग त्याने औषध वाढवलं. धंद्याची रीतच ती.

एकदा त्याने धाकट्या भावाला फोन केला.

“बोल दादा, तब्येत बरी ना?”

“बरी आहे. ते... जरा विचारायचं होतं...”

मागे भावजयीचा आवाज ऐकू आला, मुलं हसत होती. “काही नाही रे, सहजच,” म्हणून त्याने फोन ठेवला. भाऊ असून विचारता येत नव्हतं, आणि बाहेर तर कुणीच नव्हतं.

चालणं मुश्कील झालं तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर मुलाच्या वयाचे. त्यांनी तपासलं, मग विचारलं, “काय काय लावलंत?” डागवाल्याने सगळं क्रमाने सांगितलं, ब्रशसकट. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

“अहो काका, ती कातडी आहे, टेबलावरची चादर नाही! आता हे सगळं बंद. रोज नुसतं कोमट पाणी. पुढची कातडी हलक्या हाताने मागे घ्यायची, येईल तेवढीच, ओढायची नाही. धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि कातडी परत पुढे आणायची. साबण लावलाच तर सौम्य, बाहेरच्या बाहेर. पावडर नको, अत्तर नको. चड्डी सुती, सैल, रोज धुतलेली. मलम देतो. आणि साखर तपासून घेऊ, ती वाढली तरी असा त्रास होतो. पुन्हा लाली, खाज, वास वाटला तर लगेच या. लाजत बसू नका.”

“एवढंच?”

“एवढंच. आधीच यायचं होतं.”

साखर ठीक निघाली. सूज ओसरली, आग थांबली, वास गेला. तो दहादा खात्री करून घेणारा माणूस. खात्री झाली, आणि एका दुपारी दाढी घोटून, डबा घेऊन तो मागच्या खोलीत गेला.

ती एकटीच जेवत होती. त्याला बघताच लगबगीने दुसऱ्या टोकाला सरकली. “बसा साहेब.”

साहेब! तो डबा हातात धरून उभाच राहिला. “रागावलात का हो?”

“राग कसला? तुम्ही इथे यायचं सोडलंत ते बरोबरच होतं. दिवसभर वाफेत उभी असते मी, घामाचा वास येणारच. मी सकाळी धुते, दुपारी धुते, बदलायला कपडे आणते. तरी तुम्ही आला नाहीत.” तिने पदर मानेवर ओढून घेतला. तिथली कातडी घासून घासून लाल झाली होती.

आता तोंड उघडायलाच हवं होतं. “अहो बाई, वास माझा होता. मला... खाली त्रास झाला होता. तुम्ही खिडकी उघडलीत, मला वाटलं माझ्यामुळेच. डॉक्टरकडे गेलो, आता बरं आहे. खरंच, माझाच होता.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर श्वास आत ओढून घेतला. मग मान हलवली.

“समजूत काढू नका. एवढे दिवस तुमच्याजवळ बसून जेवले, मला कधी आला नाही. आताही येत नाहीये.”

“शपथ घेऊन सांगतो!”

“तुम्ही चांगले आहात म्हणून असं बोलता.” तिने डबा बंद केला. “उद्यापासून मी दुसऱ्या पाळीत आहे. मागून घेतली. तिथे दुपारी कुणाबरोबर बसायला लागत नाही.”

भोंगा वाजला. ती त्याच्यापासून अंग चोरून, भिंतीला घासत बाहेर गेली.