विजय चौकातली जागा

माझे वडील ज्योतिबा सैन्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. प्रजासत्ताक दिन झाला की तिसऱ्या दिवशी, एकोणतीस जानेवारीला, दिल्लीच्या विजय चौकात सूर्य मावळताना तिन्ही दलांचे बँड वाजतात. आबांचा बँड तिथं अकरा वर्षं गेला. त्या संध्याकाळी खुटबावच्या आमच्या घरात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नसायची. आई पडद्याला बोट टेकवून सगळ्यांना दाखवायची, "ते बघा, डावीकडनं तिसरं. मान जरा वाकडी धरत्यात." मी शाळेत तेच सांगायचे.

आबा निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा आईनं एकच मागणं मागितलं. तो चौक आबांच्या शेजारी बसून बघायचा. आबा दर वर्षी टाळायचे. "काय बघायचं तिथं? थंडी असती नुसती."

मग आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस सुरू झालं. गेल्या जानेवारीत मीच तिघांचे पास काढले, कंपनीत रजा टाकली. डॉक्टर नाखूश होते. "एकतीसच्या संध्याकाळी थेट इथंच यायचं. पाणी मोजून प्यायचं," एवढं बजावून त्यांनी सोडलं. आबांनी या वेळी आढेवेढे घेतले नाहीत, मफलर तेवढा काढून पिशवीत ठेवला.

मथुरेच्या पुढं धुकं एवढं होतं की खिडकीबाहेरचा रूळही दिसेना. गाडी थांबायची, दहा मिनिटं सरकायची, परत थांबायची. दुपारी पोचणारी गाडी रात्री आठला पोचली. तोवर विजय चौकातलं सगळं आटोपलं होतं. मला रडू आलं. आईच म्हणाली, "आसू दे पूनम. जागा तर कुठं जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. पोलिसांनी रिक्षा लांबच थांबवली. आई माझा हात धरून, दर वीस पावलांवर दम खात चालली. चौकात मजूर खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होते. एकानं आईकडं बघितलं आणि न सांगता एक खुर्ची तिच्यासाठी ठेवली. आई समोरचा तो रुंद रस्ता, दोन्ही बाजूंच्या लाल दगडाच्या इमारती बघत राहिली. मग म्हणाली, "आवो, कुठं हुभं ऱ्हायचा तुम्ही? जरा जाऊन दावा की."

आबा दहाबारा पावलं गेले. थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग परत आले आणि आईच्या खुर्चीपाशी खालीच बसले.

"गिते, मी हितं कवाच वाजवलं न्हाई."

आईला कळलंच नाही. "म्हंजी?"

"राखीव व्हतो. म्हयनाभर समद्यांसंगं सराव करायचा, आन् त्या दिशी डिरेस घालून मागं ट्रकमधी बसायचं. कुनी आजारी पडलं तरच बोलावनं. अकरा वर्सांत कुनी पडलं न्हाई."

"आन् त्यो डावीकडला?"

"पंजाबातला गडी व्हता. चांगला वाजवायचा."

"मला का न्हाई सांगितलं?"

"पयल्या वर्सी सुट्टीवर आलो, तर तू समद्या आळीला दावून बसली व्हतीस. मंग जमलंच न्हाई."

मजूर खुर्ची न्यायला आला, तेव्हा आई उठली. पदर नीट केला.

"ट्रकमधी लई थंडी वाजत आसंल," एवढंच म्हणाली.

आबांनी मफलरमध्ये तोंड घातलं.

परतीच्या गाडीत ती सगळं बोलली. माझ्या लग्नाचं, घराच्या पत्र्याचं. तेवढं सोडून. दौंडला उतरलो तेव्हा तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

चार दिवसांनी शेजारच्या बानूबाई आल्या. "बघितलं का गं दिल्लीत?"

"कार्येक्रम हुकला," आई म्हणाली, "पन जागा बघितली. ह्यांनी हुभं ऱ्हाऊन दावली."

आबा दारातच होते. ते मागं फिरून अंगणात जाऊन बसले.

चैत्रात आई गेली. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा बानूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नवऱ्याची जागा तरी डोळ्यानं बघून गेली बिचारी." आबांनी मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

"पूनम, दोन म्हयनं वाट बघितली मी. म्हनलं एकदा तरी भांडंल. न्हाई भांडली."

मी त्यांच्यासाठी ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हात धुतला.